उलट्या तांब्याचे साक्षीदार

अमेरिकेत प्रत्येक माणूस निर्दोष असतो. कायद्यात तसं लिहूनच ठेवलेलं आहे. फक्त तो निर्दोष आहे हे कुणीतरी शोधून काढावं लागतं, आणि ते शोधायला एक विद्यार्थी लागतो, तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळा असलेला.

व्यवस्था मोठी न्याय्य आहे. सरकार ज्याला पकडतं, त्याला वकील परवडत नसेल तर वकीलही सरकारच देतं. (असा यजमान सहसा मिळत नाही.) या सरकारी बचाव वकिलाच्या टेबलावर एका वेळी इतके आरोपी असतात की काहींचं नाव त्याला कोर्टात, न्यायाधीशांबरोबरच, पहिल्यांदा कळतं. मग साक्षीदार कोणी शोधायचे? दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण कोणी मिळवायचं? कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, हे पाहून अनोळखी दार कोणी वाजवायचं? पोलिसांकडे यासाठी खातं आहे, प्रयोगशाळा आहे, हेलिकॉप्टर आहे. बचावाकडे अनिका होती.

अनिका टेक्सासमधल्या फ्रिस्कोची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. उन्हाळ्याभरासाठी ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बचाव कार्यालयात इंटर्न म्हणून लागली. हुद्दा: तपासनीस. मानधन: अनुभव. साहित्य: गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि पाण्याची बाटली, पैकी बाटली स्वतःची.

तिची आई उल्का मराठी मंडळात सगळ्यांना सांगायची, "अनिका लॉमध्ये आहे." हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डॅलसमधली काचेची इमारत उभी राहायची, त्याला उल्का काय करणार? कोणी खोलात शिरून "म्हणजे कुठे गं?" विचारलंच, तर ती "गव्हर्नमेंट" म्हणून ढोकळा पुढे करायची.

तपासनिसांचा पहिला नियम असा की साक्षीदाराकडे कधी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. साक्षीदार उद्या कोर्टात "मी असं बोललोच नव्हतो" म्हणाला, तर तो बोलला होता हे सांगायला एक माणूस शिल्लक राहावा, म्हणून. माणसाच्या शब्दावर कायद्याचा किती विश्वास आहे, ते यावरून कळतं. अनिकाची जोडीदार होती कायला, ओक्लाहोमाची मुलगी, उंच आणि अबोल. कायलाकडे गाडी नव्हती. अनिकाकडे होती, पण पोरींनी कुठल्या कुठल्या वस्तीत दारं वाजवत हिंडायचं म्हटल्यावर उल्काने ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा काढल्या आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसली. कार्यालयाच्या नियमावलीत आईचा उल्लेख कुठेही नाही. त्यामुळे बंदीही नाही.

असा त्या उन्हाळ्यात तपास चालायचा. टेक्सासचं ऊन गाडीच्या टपावर तव्यासारखं तापलेलं, आत एसी लावून उल्का बसलेली, मांडीवर थालीपिठांचा डबा, फोनवर हळू आवाजात कीर्तन लावलेलं. कीर्तन हा तिचा जीव की प्राण. पूर्वरंगातलं निरूपण ऐकताना तिची मान डोलायची आणि उत्तररंगात कथा रंगली की डोळे गळायचे. नजर मात्र दाराकडे.

आणि दारं उघडायची. उल्काला याचंच नवल वाटे. ज्या अपार्टमेंटांच्या नुसत्या नावाने मंडळातल्या बायका गाडीची लॉकं दाबतात, तिथली दारं बेल वाजायच्या आत उघडायची. आजीबाई बाहेर खुर्च्या टाकायच्या, लिंबू सरबत यायचं, आणि "मला काही माहीत नाही" म्हणून सुरुवात करणारा माणूस अर्धा तास बोलून सगळं सांगायचा. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे फार काळजीचं होतं.

मग टेरेन्सची केस आली.

टेरेन्स बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. एका इंडियन ग्रोसरीच्या दुकानात पोती उचलायचा आणि फोनवरून आलेल्या ऑर्डरी घरपोच करायचा. (कागदोपत्री तो त्या दुकानात कधी आलेलाच नव्हता. दुकानदार धार्मिक वृत्तीचे असून रोखीने व्यवहार करतात.) आरोप असा की मार्च महिन्यात एका सकाळी त्याने शेजारच्या प्लेनो गावातल्या एका गॅरेजमधून दोन महागड्या सायकली लांबवल्या. शेजाऱ्याने लाल टीशर्टातला उंच मुलगा पाहिला होता. टेरेन्स उंच होता आणि त्याच्याकडे लाल टीशर्ट होता, त्यामुळे तपास पूर्ण झाला.

टेरेन्सचं म्हणणं वकिलाने उतरवून घेतलं होतं. त्या सकाळी मी फ्रिस्कोत एका घरी सामान द्यायला गेलो होतो. कोणतं घर? आठवत नाही, सगळी सारखीच असतात. काही खूण? "हो. दारात काठी उभी होती. काठीला रेशमी कापड नेसवलं होतं. वर तांब्या उलटा घातला होता. तांब्याच्या गळ्यात साखरेची माळ होती."

वकिलाने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली टीप लिहिली: मानसिक तपासणीची शिफारस करावी.

ही टीप वाचून त्या कार्यालयात एकच माणूस हसला. अनिका इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या वकिलाने दार लावून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं, हा मुलगा खरं बोलतोय. साखरेची माळ कोणी रचून सांगत नाही.

आरोपीची हकिगत बाहेर सांगायची नाही, हा तपासनिसांचा दुसरा नियम. म्हणून गाडीत बसल्यावर अनिकाने आईला एवढंच विचारलं, "आई, पाडव्याला दारातच गुढी कोणाकोणाकडे होती?"

"अगं, सगळ्यांकडेच!" उल्का अभिमानाने म्हणाली. "सोसायटीवाल्यांनी आधी पत्र पाठवलं होतं ना, काठी काढा म्हणून. मग श्रीरंगकाकांनी त्यांना कळवलं, हा ध्वज आहे. ध्वजाला परवानगी असते. का गं?"

"एक डिलिव्हरीवाला मुलगा आला होता. त्या वेळी तो तिथे होता, हे दाखवणारं काहीतरी हवंय. नाहीतर सोमवारी तो कोर्टात गिल्टी म्हणून गुन्हा कबूल करणार आहे."

उल्काचा पाय ब्रेकवर गेला. सिग्नल हिरवा होता.

तिला ती क्लिप आठवली. मंडळातल्या रेखाच्या दारावरच्या बेलमध्ये कॅमेरा आहे. पाडव्याला दुपारी रेखाने त्यातली क्लिप मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती. लाल टीशर्टातला मुलगा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येतो, दाराशी चपलांची रांग पाहून थबकतो, पिशव्या खाली ठेवतो, वाकून स्वतःचे बूट काढतो. मग मोज्यांवर, एक एक पाय उंच उचलत, बगळ्यासारखा, रांगोळीच्या कडेकडेने चालत येतो आणि पिशव्या गुढीला धक्का लागणार नाही अशा ठेवतो. जाताना रांगोळीकडे एकदा वळून बघतो. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. खाली रेखाने लिहिलं होतं, "बघा! आपली पोरं बूट घालून तुडवत जातात, आणि हा बघा!!" त्यावर जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागली होती. त्यात तीन जोड्या उल्काच्या होत्या.

आता विद्यार्थी-तपासनिसाला आणखी काय हवं? दोनशेवर सुशिक्षित, इंजिनियर, सत्शील साक्षीदार, आणि सगळ्यांच्या खिशात पुरावा. बचाव कार्यालयाच्या इतिहासात एवढं सुख कोणी पाहिलं नव्हतं. उल्काने मात्र फक्त एसी वाढवला.

अनिका आणि कायला आपल्याच वस्तीत फिरल्या. इथली दारं उघडली नाहीत. इथली दारं बोलतात, त्यामुळे उघडायची गरज पडत नाही. चौथ्या का पाचव्या घराची बेल दाबल्यावर बेलमधूनच आवाज आला.

"कोण?"

"रेखामावशी, मी अनिका."

"अगंबाई, अनिका! किती उंच झालीस! आम्ही घरी नाही आहोत."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"मावशी, दोनच मिनिटं. पाडव्याच्या दिवशीचं बेलचं रेकॉर्डिंग..."

"ते आपोआप पुसलं जातं गं, साठ दिवसांनी. आणि मी कुठे काय टाकलं होतं?"

"टाकलं होतं असं मी म्हटलंच नाही, मावशी."

यावर बेलने थोडा विचार केला. मग रेखा म्हणाली, "आईला सांग, अळूवड्या पाठवते," आणि बेलचा दिवा विझला. अनिकाने भाषांतर करून सांगितलं. न उघडलेल्या दाराने खायला पाठवायचं कबूल केलेलं कायलाने आयुष्यात प्रथमच पाहिलं, आणि तिने तसं वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत श्रीरंगकाकांना सगळं कळलं. श्रीरंगकाका मंडळाचे अध्यक्ष, तारतम्याचा माणूस. त्यांनी ग्रुपवर निवेदन दिलं: मंडळ ही सांस्कृतिक संस्था असून ती कोणाच्याही अटकेच्या बाजूने किंवा विरुद्ध नाही. सदर तरुणाबद्दल मंडळाला सहानुभूती आहे, आणि ही सहानुभूती पूर्णपणे खाजगी स्वरूपाची आहे. अनेक सभासद व्हिसावर असल्याने जुना ग्रुप बंद करून 'फ्रिस्को मराठी – फक्त शुभेच्छा' असा नवा ग्रुप काढण्यात येत आहे. जुन्या ग्रुपमधले फोटो-व्हिडिओ प्रत्येकाने आपल्या फोनमधून काढून टाकावेत. फोन हलका राहतो.

मंडळाच्या सूचनेला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. वार्षिक सभेला कार्यकारिणी येते आणि समोसे येतात. पण या सूचनेवर ज्यांनी वर्गणीही भरली नव्हती त्यांनीसुद्धा "डन काका" असं कळवलं. मराठी माणूस एकत्र येत नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

उल्कानेही "डन" लिहिलं होतं. खरं तर तिने पुसायला क्लिप उघडली होती. पण उघडली की तो मुलगा पाय उचलून चालायला लागायचा, आणि तो रांगोळी ओलांडून जाईपर्यंत बोट दाबायचं कसं?

"मनोहर, नुसती क्लिप द्यायची आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "साक्ष नाही."

मनोहर लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आज क्लिप, उद्या कोर्ट, परवा परत नागपूर."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"ग्रीन कार्डच्या रांगेत आपण किती वर्षं उभे आहोत? आता कुठे दार दिसायला लागलंय. आणि बाकीचे आहेत ना दोनशे जण! कोणीतरी देईलच की."

हा तर्क निर्दोष आहे. त्या रात्री फ्रिस्कोतल्या दोनशे घरांत तो एकाच वेळी मांडला गेला आणि सगळीकडे एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी अनिका कायलाला घेऊन घरी आली. स्वतःच्या आईला प्रश्न विचारणं नियमात बसत नाही, म्हणून कायला टेबलाशी बसली आणि अनिका भिंतीला टेकून उभी राहिली. कायलाने ओळखपत्र दाखवलं, आपण आरोपीच्या बाजूने आलो आहोत हे सांगितलं, आणि विचारलं, पाडव्याला ग्रुपवर आलेली क्लिप तुमच्या फोनमध्ये आहे का?

"आधी खाऊन घे," उल्का म्हणाली.

कायलाने पोहे खाल्ले. पुन्हा विचारलं.

"बघते हं," उल्का म्हणाली.

'बघते' या शब्दाचं इंग्रजी भाषांतर अनिकाला करता आलं नाही. तो होकार नव्हे, आणि त्याला नकारही म्हणता येत नाही. आपल्याकडे लग्नं, देणग्या आणि रस्ते या शब्दावर वर्षानुवर्षं थांबलेले आहेत, आणि कोणी कोणाला दुखावलेलं नाही.

कायला बाहेर गाडीत जाऊन बसली तेव्हा अनिका म्हणाली, "आई, तो का गिल्टी म्हणणार आहे, माहितीये? जामिनाला पैसे नाहीत. मी चोरी केली नाही म्हणाला, तर खटला उभा राहीपर्यंत तुरुंगातच बसायचं. चोरी केली म्हणाला, तर जेवढं बसला तेवढी शिक्षा धरून संध्याकाळी घरी. त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. त्याला जस्ट घरी जायचंय."

"म्हणजे खरं बोललं तर आत?"

"येस."

"आणि खोटं बोललं तर घरी?"

"आणि मग जन्मभर चोर. नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर."

उल्काने सिंकमधली कढई घासायला घेतली. "मी बघते म्हटलं ना," ती म्हणाली, पण या वेळी तिला स्वतःलाच तो शब्द नीट ऐकू आला.

रविवारी दुपारी मंडळाचं कीर्तन होतं. महाराष्ट्रातून सुलभाताई आल्या होत्या. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बास्केटबॉलच्या कड्याखाली तसबीर आणि समई, पेटी-तबल्याला भिंतीतल्या एसीची साथ. पण सुलभाताईंनी झांज वाजवून पहिली तान घेतली आणि तो हॉल देऊळ झाला. कीर्तनाचं असंच असतं. त्याला जागा लागत नाही, फक्त माणसं लागतात, आणि ती मात्र समोर बसलेली हवीत. दोनशेवर होती. उल्का दुसऱ्या रांगेत फोन समोर धरून रेकॉर्डिंग करत होती. अनिका बाहेर लॉबीत, गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन, वकिलासाठी उद्याचं टिपण लिहीत होती. टिपणात लिहायला काही नव्हतं.

उत्तररंगात सुलभाताईंनी चिमा फुलवालीची कथा लावली. देवाचा मुकुट चोरीला जातो. आळ चिमावर येतो. वास्तविक त्या प्रहरी चिमा चौकात बसून हार ओवत होती, आणि सगळा गाव तिच्याकडून हार घेऊन गेला होता. राजाने सभा भरवली. गाव जमला.

सुलभाताईंनी हात वर करून पेटी थांबवली.

"राजा विचारतोय, मंडळी. हिला त्या वेळी चौकात कोणी पाहिलं?"

हॉलमध्ये कोणाच्या तरी बाळाने उचकी दिली.

"सगळ्यांनी पाहिलं होतं हो! चिमाच्या फुलांचा वास अजून त्यांच्या हाताला होता. पण सावकार म्हणाला, पाटील बोलेल. पाटील म्हणाला, शास्त्री बोलतील. शास्त्री म्हणाले, विचार करून सांगतो. आणि सगळा गाव राजाकडे बघत बसला. आत्ता तुम्ही माझ्याकडे बघताय ना, अगदी तसा."

रेखाने पदर डोळ्यांना लावला. श्रीरंगकाकांनी चष्मा काढून पुसला. मनोहरसुद्धा हळवा झाला. "काय पण माणसं होती त्या काळी," तो शेजारच्याच्या कानात पुटपुटला.

सुलभाताईंनी आर्त सूर लावला. आता देव येणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. देव गुराख्याच्या रूपात येतो, साक्ष देतो, चिमा सुटते, आणि सगळे टाळ्या पिटत नाचतात. कीर्तनातला हा क्षण उल्का कधी चुकवत नसे.

तेवढ्यात तिच्या फोनने कळवलं की जागा संपली. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं असेल तर काहीतरी काढा. फोन मोठा उपयोगी. काय काढता येईल हेही त्यानेच सुचवलं. सर्वांत वर लाल टीशर्टातला मुलगा होता, एक पाय हवेत.

सुलभाताई गात होत्या, ये रे, धावून ये. दोनशे जण माना डोलावत देवाची वाट बघत होते.

उल्काने रेकॉर्डिंग बंद केलं. ती उठली. मधल्या गुडघ्यांवरून "सॉरी, सॉरी, जरा जाऊ द्या" करत रांगेतून बाहेर पडली. (देव यायच्या ऐन वेळी असं उठणं शिष्टाचाराला धरून नाही, आणि तसं रेखाने शेजारणीला सांगितलंही.) मनोहरने तिच्या ओढणीचं टोक धरलं, ते तिने शांतपणे सोडवून घेतलं. लॉबीत येऊन तिने फोन अनिकाच्या हातात दिला.

"कायलाला बोलाव," ती म्हणाली. "तुझ्या एकटीच्या हातात द्यायचं नसतं ना? दोघी असलेल्या बऱ्या. आणि कोर्टात यायचं असेल तर मी येते."

"आई, आर यू शुअर? बाबा..."

"बाबांचं मी बघते," उल्का म्हणाली. आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. देव आला होता. तिने तो पाहिला नाही.

सोमवारी टेरेन्स गिल्टी म्हणाला नाही. क्लिप पुढे गेली, तारीख-वेळ जुळली, कोर्टाला उलटा तांब्या समजावून सांगायला उल्का रजा काढून उभी राहिली, आणि काही आठवड्यांनी काउंटीने केस मागे घेतली. मानसिक तपासणीची शिफारसही मागे घेण्यात आली. मनोहरचं ग्रीन कार्ड होतं तिथेच राहिलं. ते कोणत्याही साक्षीशिवाय तिथेच राहिलेलं असल्याने फरक सांगता येत नाही.

गणेशोत्सवात मंडळाने अनिकाचा सत्कार केला. "आपल्या सर्वांच्या पाठिंब्याने," असं श्रीरंगकाका म्हणाले. रेखाने जवळ येऊन सांगितलं की मी पहिल्यापासून म्हणत होते, मुलगा चांगला आहे, आणि व्हिडिओ शेवटी माझ्याच दारातला ना. त्या आठवड्यात अनेकांच्या फोनमध्ये ती क्लिप पुन्हा सापडली. तंत्रज्ञान असं कधीकधी करतं.

आता उरले वाचक. उल्का देईल की नाही, या काळजीने तुमचा जीव टांगणीला लागला असेल, आणि तिने दिली तेव्हा हायसं वाटलं असेल. त्या हॉलमध्येही सगळ्यांना तसंच हायसं वाटलं होतं. क्लिप दोनशे जणांकडे होती, आणि एवढं वाचताना बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांपैकी कोणी उठेल अशी अपेक्षा तुम्ही एकदाही केली नाही. योग्यच केलंत. आपल्या माणसांना आपणच ओळखतो.

देव आला, की श्रोत्यांनी फक्त टाळी वाजवायची असते. वाजवा.